अक्कांनी दिलेली चिठ्ठी

अक्कांच्या कामाला कॉलेजच्या दप्तरात नाव नव्हतं. प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शिपाई, माळी अशी सगळ्यांची पदं मंजूर होती. खेळाडूंचे मुरगळलेले घोटे आणि सुजलेले गुडघे सांभाळणाऱ्या बाईचं पद मात्र कुठेच नव्हतं. त्यामुळे अक्का कधी 'मानद' असायच्या, कधी 'तासिका तत्त्वावर'. दोन वर्षं तर त्या कागदोपत्री मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन होत्या, आणि वसतिगृहाचं तेव्हा बांधकामही सुरू झालेलं नव्हतं. आज मी धुळ्याच्या एका कॉलेजात तेच काम करते. माझ्या दारावर पाटी आहे आणि पाटीवर पद लिहिलेलं आहे. ती पाटी लागायला जळगावात एका बाईची सगळी उमेदीची वर्षं खर्ची पडली, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगून पटत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

अक्का जळगावच्या एका जैन कापड व्यापाऱ्याच्या घरातल्या. आजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि गिऱ्हाईक खेड्यातलं असेल तर अहिराणी, अशा तिन्ही बोली त्यांना सारख्याच यायच्या. मुंबईला जाऊन त्यांनी फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं, तेव्हा नातेवाइकांत 'मालिश शिकायला गेली' असं बोललं गेलं. परत आल्यावर त्या सकाळी एका दवाखान्यात जायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांच्या घराच्या मागच्या गॅलरीतून कॉलेजचं मैदान दिसायचं. सुरुवात कशी झाली ते मी निरनिराळ्या लोकांकडून ऐकलं आहे आणि प्रत्येकाचं सांगणं थोडं वेगळं आहे. एवढं सगळ्यांत सारखं की, एका संध्याकाळी कबड्डीच्या एका खेळाडूचा घोटा मुरगळला, दोघांनी त्याला धरून ठेवलं आणि तिसरा त्याचा पाय ओढून 'बसवायला' लागला. अक्का गॅलरीतून ते बघत होत्या. कणीक मळत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी त्या खाली आल्या, फाटकातून आत शिरल्या आणि पाय सोडायला लावला. आमचे क्रीडा विभागाचे सर त्यांना म्हणाले की हे मैदान आहे, दवाखाना नाही. अक्का म्हणाल्या, दवाखाना लांब आहे, मी जवळ आहे. दुसऱ्या दिवशी त्या भावांच्या दुकानातल्या मांजरपाटाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून, गुंडाळ्या करून घेऊन आल्या. त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षं त्या येत राहिल्या.

'अक्का' हे नाव त्या कबड्डीच्या मुलांनीच दिलं. मॅडम म्हणायला मुलं तयार नव्हती, आणि नावाने हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

सर तसे वाईट माणूस नव्हते. शिंदखेड्याकडचे, तरुणपणी कुस्ती खेळलेले. सरावात पाणी प्यायलं की अंग जड होतं, हा त्यांचा ठाम विश्वास होता. जळगावच्या एप्रिलमध्ये, चार वाजताच्या उन्हात, आम्ही दोन-दोन तास कोरड्या घशाने पळायचो. अक्कांनी वाद घातला नाही. त्यांनी एक माठ आणला आणि तो सरांच्याच खुर्चीशेजारी ठेवला. मीठ, साखर आणि लिंबू घातलेलं पाणी पहिल्यांदा पेल्यात ओतून सरांनाच दिलं. सर प्याले. एकदा स्वतः प्यायल्यावर मुलांना नाही कसं म्हणणार? आठवडाभरात माठ दोन झाले.

मी दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातून जळगावला शिकायला आले ती खो-खोच्या जोरावर. शाळेत असताना मी सूर मारून गडी टिपायचे, ते बघायला लोक थांबायचे. जळगावातच पिंप्राळ्यात मावशी राहायची, तिच्याकडे माझी सोय झाली. नाना, म्हणजे माझे वडील, कापूस आणि मिरची लावायचे. त्यांना खो-खो फारसा कळत नव्हता. पण दोंडाईचाच्या बाजारात कुणीतरी 'तुमची पोरगी पेपरात आली' म्हणालं होतं, तेव्हापासून ते मला पोचवायला स्टेशनपर्यंत यायला लागले होते.

अक्कांची खोली जिमखान्याच्या मागे होती. आधी तिथे भाले, अडथळ्यांच्या शर्यतीचे लाकडी सांगाडे आणि फाटक्या जाळ्या ठेवायचे. अर्धी खोली अजूनही त्यांनी भरलेली होती. परीक्षेचे दोन बाक जोडून त्यावर गादी टाकलेली, कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, भिंतीवर मांडीच्या स्नायूंचं चित्र. आत गेलं की अक्का पाय बघण्याआधी एकच विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?" आमच्यातल्या निम्म्या मुली चहावर आलेल्या असायच्या. मग गूळ-शेंगदाण्याचा डबा पुढे यायचा, तो खाऊन झाल्याशिवाय तपासणी नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर सरावात माझा उजवा गुडघा वळला. खांबाजवळ वळताना पाय जमिनीत रुतून राहिला आणि वरचं अंग फिरलं. अक्कांनी तपासलं, बर्फ लावला, तीन आठवडे मैदान बंद सांगितलं आणि मांडीचे व्यायाम दिले. तीन आठवड्यांनी धुळ्याला विद्यापीठ संघाची निवड होती. त्या म्हणाल्या, निघायच्या आदल्या दिवशी बघू. ठीक असेल तर चिठ्ठी देईन, नसेल तर नाही.

त्या चिठ्ठीशिवाय सर कुणाला नेत नव्हते. मैदानावर आल्यापासूनच्या दोन वर्षांत अक्कांनी तेवढा दबदबा मिळवला होता, आणि माझ्या दृष्टीने त्या वेळी तेच वाईट झालं होतं.

सूज उतरली. दुखणंही कमी झालं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मावशीचं घर पहिल्या मजल्यावर होतं आणि जिना बाहेरून होता. वर चढताना काही व्हायचं नाही. उतरताना मात्र रोज एकदा तरी गुडघा अचानक आतल्या आत सटकायचा, जणू पायाखालची पायरी कुणी काढून घेतली. मी भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरायला लागले. मावशीने विचारलं तेव्हा चपलेचा अंगठा ढिला झालाय म्हणाले.

आदल्या दिवशी मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली आणि अक्कांकडे गेले. खोलीत गर्दी होती, कारण संपूर्ण संघ दुसऱ्या दिवशी निघणार होता. अक्कांनी मला त्या पायावर उभं राहायला सांगितलं, दहा उड्या मारायला लावल्या, गुडघा वाकवून बघितला. सगळं जमलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चालताना मधेच सटकतो का?"

मी म्हणाले, "नाही, अक्का."

त्यांनी चिठ्ठी लिहिली.

धुळ्यात थंडी होती. पांझरा नदीकडून वारा येत होता. पहिला सामना मी सावधपणे खेळले आणि निभावलं. दुसऱ्या सामन्यात समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निघाली, मी नेहमीसारखा सूर मारला, हात तिच्या पाठीला लागला आणि उठताना गुडघ्यात सुकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. मला आधी वाटलं, पंचांनी काही तरी आपटलं. मग मी उभी राहायला गेले आणि पाय राहिलाच नाही. सरांनी मला उचलून बाहेर नेलं.

अक्का धुळ्याला आलेल्या नव्हत्या. नसलेल्या पदाला प्रवासभत्ता मिळत नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्या एसटीने आल्या. दवाखान्यात माझ्या पायाला लांब पट्टी बांधलेली होती. त्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं, मग माझ्या पायाशी बसून टाच हातात घेतली आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांना वाटलं, दुखतंय.

गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. नाशिकला ऑपरेशन करावं लागेल, वर्षभर खेळ नाही, पुढेही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी नाना जळगावला आले. प्राचार्यांच्या खोलीत मला एका खुर्चीवर बसवलं होतं आणि दुसऱ्या खुर्चीवर माझा पाय लांब करून ठेवला होता. सर होते, अक्का होत्या. नाना कधी आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशीही चढवला नाही. ते अक्कांना म्हणाले, "पोर तुमना भरोसावर धाडी. आन् तुम्ही कागद लिखीसन मोकळा व्हयनात."

प्राचार्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही तुमचीच ना?

"माझीच आहे," अक्का म्हणाल्या. "तपासण्यात मी कमी पडले."

मी तिथेच होते. तीन हातांवर. एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मी बोलले नाही. मला वाटत राहिलं की आता कुणी तरी मला विचारेल, आणि विचारलं की सांगू. कुणी विचारलं नाही. आज इतक्या वर्षांनीही त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला आठवतो.

प्राचार्य नियमाचे माणूस होते. मंजूर पद नसलेल्या व्यक्तीच्या चिठ्ठीवर विद्यार्थिनीला खेळवलं आणि इजा झाली, हे त्यांना महागात पडू शकत होतं. त्यांनी खोलीची किल्ली मागितली. अक्कांनी ती चष्म्याच्या घरातून काढून टेबलावर ठेवली.

खोली बंद झाली, पण पाय मुरगळायचे थांबले नाहीत. मुलं अक्कांच्या भावांच्या दुकानात जायला लागली. दुकानाच्या मागच्या बाजूला साड्या दाखवायची पांढरी गादी होती. त्या गादीच्या कडेला बादलीत पाय बुडवून कबड्डीचे खेळाडू बसायचे आणि पुढे लग्नाच्या बस्त्याची गिऱ्हाइकं शालू बघायची. थोरले भाऊ आधी चिडले. बहिणीचं हे काम त्यांना कधीच आवडलं नव्हतं. गादीच्या चादरीवर मातीचे डाग पडतात, एवढीच त्यांची तक्रार असायची, पण ती ते रोज करायचे. मग एक दिवस त्यांनी स्वतःच एक जुनी चटई आणून मुलांसाठी वेगळी अंथरली, आणि तक्रार तेवढ्यावर संपली.

हे सगळं मी नंतर ऐकलं. मी तेव्हा पिंप्राळ्यात मावशीच्या घरी होते. नाशिकचं ऑपरेशन झालं होतं आणि गुडघा वाकत नव्हता.

अक्का एक दिवसाआड स्कूटरवरून यायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नानांनी तर त्यांचं नाव घ्यायचंही बंद केलं होतं. मावशीने संकोचत दार उघडलं, तेव्हा त्या म्हणाल्या की बाई, भांडण मोठ्यांचं आहे, गुडघ्याचं नाही. मग पलंगावर माझ्या शेजारी बसून त्या एक हात मांडीखाली आणि एक घोट्यावर ठेवायच्या आणि थोडा थोडा गुडघा वाकवायच्या. फार दुखायचं. त्या मोजत राहायच्या आणि मधेच माझ्या गावाबद्दल, मिरचीबद्दल, धाकट्या भावाबद्दल विचारायच्या. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

दोन महिने मी हे सहन केलं. सहन केलं हा शब्द विचित्र वाटेल, पण चांगुलपणा सहन करणं अवघड असतं. एका दुपारी गुडघा पहिल्यांदा काटकोनात आला. अक्का खूश झाल्या, मावशीला हाक मारून दाखवलं. आणि मी रडायला लागले. मावशी आत गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. जिना, गोळी, 'नाही, अक्का'.

त्या म्हणाल्या की तपासलं त्या दिवशी माहीत नव्हतं, पण धुळ्याच्या डॉक्टरांशी बोलल्यावर अंदाज आला होता. असा गुडघा आधी काही तरी सांगितल्याशिवाय राहत नाही.

"मग तुम्ही प्राचार्यांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील की तुला वाचवायला. तसं त्या म्हणाल्या असत्या तर मी जन्मभर त्यांच्या पाया पडत राहिले असते आणि त्यातून काही शिकले नसते. त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही तिथे. मी तुला उड्या मारायला लावल्या. जिना उतरायला लावला नाही. जिमखान्याच्या दारात पाच पायऱ्या आहेत, दोन मिनिटांचं काम होतं. गर्दी होती, मी घाई केली. खेळाडू खोटं बोलणारच हे धरूनच तपासायचं असतं."

थोड्या वेळाने, स्कूटरची किल्ली हातात घेतल्यावर, त्या दारात थांबल्या. "आणि तुला खोटं बोलावंसं का वाटलं, तेही मी शोधते आहे. माझ्या खोलीत एक तर हो होतं, नाही तर नाही. नाही म्हटलं की पोर घरी. मग कोण खरं सांगेल?"

त्या गेल्यावर मी ठरवलं. शनिवारच्या पॅसेंजरने, कुबड्या घेऊन, मी गावी गेले. नाना अंगणात मिरच्या निवडत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाटेवर बसून सांगितलं. त्यांनी हातातली मिरची बाजूला ठेवली नाही, निवडत राहिले. संध्याकाळी जेवले नाहीत. आई मला म्हणाली, जाऊ दे, उद्या बोलतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेली टोपी घालून तयार होते. म्हणाले, चल.

रविवारी कॉलेज बंद, म्हणून आम्ही दुकानात गेलो. दुकान सुरू होतं. अक्का मागे एका मुलाच्या घोट्याला पट्टी बांधत होत्या. नाना चपला काढून गादीच्या कडेला उभे राहिले. वयाने ते अक्कांपेक्षा मोठे असतील. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. घरात आईची त्यांनी कधी मागितलेली मी ऐकली नाही.

"अक्का," ते म्हणाले, "मन्ही पोर खोटं बोलनी आन् बोल तुमले लागना. मी जे बोलनू, ते माघारे लेस."

अक्का उठल्या नाहीत, कारण पट्टी अर्धी झाली होती. त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली. पट्टी पूर्ण केली, मुलाला चालून दाखवायला सांगितलं आणि मग नानांना अहिराणीतच विचारलं की यंदा मिरचीले भाव काय शे. नाना बसले. थोरल्या भावांनी चहा मागवला. त्या दोघांत माझ्याबद्दल पुढे काहीच बोलणं झालं नाही.

सोमवारी मी प्राचार्यांना माझ्या हाताने लिहिलेला अर्ज दिला. त्यात घडलं ते सगळं होतं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं की याने तुझं नुकसान होईल हे कळतंय का. झालंच. त्या वर्षीचे खेळाचे गुण गेले. पण किल्ली लगेच परत मिळाली नाही. प्राचार्य म्हणाले, खोटं मुलीचं असलं तरी पद नाही ते नाहीच. त्या वेळी मधे पडले ते सर. ज्यांनी पहिल्या दिवशी 'हा दवाखाना नाही' म्हटलं होतं, त्यांनी सांगितलं की या दोन-तीन महिन्यांत माझी अर्धी टीम कापड दुकानात बसलेली असते, आणि या बाई नसतील तर पुढच्या वर्षी मी संघ पाठवणार नाही. जूनमध्ये खोली उघडली. भाले आणि जाळ्या सरांनी स्वतः बाहेर काढून घेतल्या. पहिल्यांदा संपूर्ण खोली अक्कांची झाली.

त्या वर्षापासून दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक खेळाडूला जिमखान्याच्या पायऱ्या उतरून दाखवाव्या लागायच्या, आणि अक्का खाली उभ्या राहून त्याचा चेहरा बघायच्या, पाय नाही. दुसरी गोष्ट अधिक मोठी होती. ज्याला चिठ्ठी मिळाली नाही, तोही संघाबरोबर जाणार. गुण लिहील, वेळ नोंदवील, पाणी देईल, प्रतिस्पर्ध्याचा खेळ बघून ठेवील. पण घरी बसणार नाही. यासाठी एका जास्तीच्या माणसाचा प्रवास मंजूर करून घ्यायला त्यांनी अर्जांवर अर्ज केले. तशी गेलेली पहिली खेळाडू मी. अमळनेरला मी गुणपत्रक घेऊन बसले आणि माझ्या जागी दुसरी मुलगी सूर मारत होती. फार जड गेलं. पण दुसऱ्या सत्रात मला दिसलं की ती डाव्या पायावर उतरताना अंग चोरते आहे. मी सरांना सांगितलं. परतल्यावर अक्कांनी तिचा घोटा बघितला आणि मला म्हणाल्या, तुला दिसतं.

तेवढ्या दोन शब्दांवर माझं पुढचं आयुष्य ठरलं. खेळ मी पुन्हा खेळले, पण पहिल्यासारखा नाही. अक्कांनी मला फिजिओथेरपीला घातलं, म्हणजे फॉर्म आणला, नानांना पटवलं आणि सुट्टीत मला त्या खोलीत राबवलं. त्या शिकवायला सोप्या नव्हत्या. पट्टीला एक सुरकुती पडली तर सबंध सोडायला लावायच्या. स्तुती करायच्याच नाहीत. आणि त्यांना आवडती मुलं होती, ते त्यांना लपवता यायचं नाही. ज्यांच्याशी त्यांचं सूत जुळलं नाही, ती मुलं कंटाळून निघून गेली. त्यातली एक दोघं खरंच हुशार होती.

चुकायच्याही. शिरपूरजवळच्या सातपुड्यातल्या एका पाड्यावरची एक मुलगी लांब पल्ल्याचं पळायची, अनवाणी. अक्कांनी हट्टाने तिला बूट घालायला लावले, भावांकडून आणून दिले. महिन्याभरात तिच्या नडग्या दुखायला लागल्या. अक्कांनी व्यायाम बदलले, बर्फ लावला, काही उपयोग नाही. शेवटी ती मुलगी हळूच म्हणाली की बूट काढू का. अक्कांनी तिला गवतावर अनवाणी पळायला सांगितलं आणि दुखणं गेलं. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून ते सांगितलं, त्या मुलीसमोर. मी तिला विचारलं नाही, अशी माझी चूक झाली, म्हणाल्या. त्या मुलीला संकोच झाला, पण पुढे ती अक्कांना सगळं सांगायला लागली, अगदी घरचंही. आता ती शिरपूरकडेच एका आश्रमशाळेत खेळ शिकवते.

असे आम्ही खानदेशात बरेच झालो आहोत. कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी पोलिस भरतीच्या मैदानावर. एकमेकांना भेटलो की अक्कांच्या नकला करतो.

पद मंजूर झालं तेव्हा अक्कांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. वयाच्या अटीमुळे त्या पदावर त्यांना घेता येणार नाही, असं आधी कळवण्यात आलं. मग अपवाद म्हणून घेतलं. पाटी लावायला सुतार आला त्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या. परत आल्यावर त्यांनी पाटी वाचली, शुद्धलेखन तपासलं आणि आत गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. त्याऐवजी नव्या माणसाला एक महिना आपल्याबरोबर बसू द्या, एवढंच मागितलं. चाळीसगावकडचा तरुण आला. तो आजही तिथे आहे आणि चांगलं काम करतो. मात्र अक्का त्याच्या खोलीत बोलावल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. तुझ्या सरांनी सुरुवातीला मला जो त्रास दिला तो मी त्याला देणार नाही, असं त्या म्हणतात.

मधे नाना गेले. अक्का गावी आल्या होत्या, थोरल्या भावांना घेऊन. माझ्या आईजवळ दुपारभर बसल्या. निघताना मला म्हणाल्या की तुझे वडील त्या दिवशी दुकानात आले, तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही, म्हणून मी मिरचीचा भाव विचारला. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते त्यांचं मोठेपण होतं.

आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जातात आणि अनोळखी माणसांना थांबवून चाल कशी सुधारायची ते सांगतात. काही लोक वाट बदलतात, काही रोज भेटायला थांबतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात स्पर्धा होत्या, म्हणून मी त्यांना धुळ्याला बोलावलं. दिवसभर त्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. माझ्या एका धावपटूच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. मी त्याला पूर्ण बसवून ठेवलं नव्हतं, हळू पळू देत होते. अक्कांना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या दहा दिवस विश्रांती दे. मी म्हणाले, आता तसं करत नाहीत, हलकी धाव दिली तर स्नायू लवकर भरतो, मी या वर्षी अशी तीन मुलं बरी केली आहेत.

त्यांनी कोणती तीन, किती दिवसांत, पुन्हा दुखलं का, असं सगळं खोदून विचारलं. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. तरी पटलं नाही. बसस्थानकापर्यंत आम्ही त्याच विषयावर बोलत होतो. जळगावची गाडी लागली, त्या खिडकीजवळ बसल्या आणि तिथूनही सांगत राहिल्या की तीन मुलांवरून काही ठरत नाही, आणखी बघ, लिहून ठेव आणि मला कळव. कंडक्टरने घंटी दिली. मी म्हणाले, कळवते. त्या अजून काही तरी म्हणाल्या, पण गाडी वळली आणि ते मला ऐकू आलं नाही.